एका परिचित धुनेचा अपरिचित धनी

वऱ्हाडातील ज्या पिढीने आपला दिनक्रम रेडिओच्या साक्षीने लावून घेतला, तिला एका धुनेची ओळख करून देण्याचे कारण नाही. पहाटे सहाच्या सुमारास, आकाशवाणीची पहिली सभा सुरू होण्यापूर्वी, तंबोऱ्याच्या संथ नादावर व्हायोलिनचे ते आर्त स्वर उमटत आणि वाशिमच्या जुन्या वाड्यांतून, कारंज्याच्या पेठेतून, रिसोडच्या एस.टी. स्थानकासमोरील हॉटेलातून दिवस उजाडल्याची वर्दी मिळे. घरात चूल पेटलेली असे, शाळामास्तर सायकलची हवा तपासत असत, कचेरीतला कारकून घड्याळाला किल्ली देत असे. ती धून कोणी मुद्दाम ऐकत नसे, आणि तरीही ती प्रत्येकाच्या कानात कायमची जाऊन बसली. तिचा कर्ता कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. एखाद्या ओवीचा किंवा पाळण्याचा कर्ता विचारला जात नाही, तसेच तिचे झाले.

ही धून ज्यांच्या नावावर नोंदली जाते ते गृहस्थ मुंबईचे नव्हते, भारतातलेही नव्हते. वॉल्टर काउफमान हे त्यांचे नाव. बोहेमियातील कार्ल्सबाड या, उष्ण झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्लोवी वारी येथे, १ एप्रिल १९०७ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हिटलरच्या राजवटीने युरोपातील सुमारे साठ लक्ष ज्यूंची जी हत्या केली, तिच्या तडाख्यातून वेळीच बाहेर पडलेल्या मूठभर भाग्यवंतांपैकी ते एक होते. त्यांचे हे भाग्य मुंबई बंदराच्या वाटेने आले, हे आपण महाराष्ट्रीयांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

काउफमान यांचे शिक्षण बर्लिन आणि प्राग या दोन विद्यानगरींत झाले. बर्लिनच्या संगीत विद्यालयात फ्रान्झ श्रेकर हे त्यांचे रचनाशास्त्राचे गुरू, तर कुर्ट झाक्स हे संगीतविद्येचे. झाक्स यांनी भारतीय वाद्यांवर फार पूर्वीच ग्रंथ लिहिला होता. जगातील वाद्यांचे जे शास्त्रीय वर्गीकरण आज सर्वत्र मान्य आहे, त्याच्या दोन कर्त्यांपैकी ते एक. पौर्वात्य संगीताचे बीज काउफमान यांच्या मनात या गुरूने पेरले असेल, असे मानायला जागा आहे. विख्यात संगीत-संचालक ब्रुनो वॉल्टर यांचे साहाय्यक म्हणूनही त्यांनी बर्लिनच्या ऑपेरागृहात काम केले. श्रेकर, झाक्स, वॉल्टर हे तिघेही ज्यू वंशाचे. १९३३ साल उजाडले आणि काही महिन्यांतच जर्मनीच्या संगीतसृष्टीत या तिघांपैकी एकालाही जागा उरली नाही.

प्रागच्या जर्मन विद्यापीठात काउफमान यांनी गुस्ताव माहलर या थोर संगीतकाराच्या सिंफनींवर प्रबंध सिद्ध केला होता. माहलर यांचा जन्मही बोहेमियातील ज्यू घराण्यातलाच. प्रबंध पुरा झाला, पदवी हाताशी आली, आणि त्याच वेळी आपले मार्गदर्शक प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे तेथील नाझी युवक संघटनेचे म्होरके आहेत, हे या विद्यार्थ्याला कळले. त्याने डॉक्टरेट स्वीकारण्यास नकार दिला. पदवी हेच ज्या देशात आयुष्याचे साध्य होऊन बसते, पदवीसाठी मार्गदर्शकाच्या घरची किराणा-भाजी आणण्याची तयारी असते, तेथील विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी या प्रसंगावर दोन घटका विचार करावा. सव्विशीच्या आसपासचा एक निर्धन तरुण, ज्याच्यापुढे नोकरीची शाश्वती नाही आणि ज्याच्या डोक्यावर उद्याचे छप्पर नाही, तो एका नावाची सही आपल्या प्रमाणपत्रावर नको म्हणून प्रमाणपत्रच नाकारतो.

१९३४ च्या फेब्रुवारीत काउफमान मुंबईत उतरले. भारतच का निवडला, याचे त्यांनी दिलेले कारण अगदी साधे होते: येथे येण्याचा परवाना सहज मिळत होता. त्यात अध्यात्माची ओढ नव्हती, ऋषिमुनींच्या भूमीचे आकर्षण नव्हते. जीव वाचवू पाहणारा माणूस उघडे दार शोधतो आणि ते दार मुंबईच्या दिशेने उघडे होते, इतकेच. हे दारही पुढे किलकिले झाले. १९३८ नंतर निर्वासितांचा ओघ वाढताच ब्रिटिश सरकारने हमीदार मागण्यास आरंभ केला. मुंबईतील ज्यू साहाय्य संस्थेने अनेकांची हमी घेतली. काँग्रेसमध्येही या निर्वासितांविषयी एकमत नव्हते. जवाहरलाल नेहरू त्यांच्या बाजूने उभे राहिले, तर सुभाषबाबूंना ती भूमिका मान्य नव्हती. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले तेव्हा जर्मन प्रजाजन म्हणून नाझींबरोबर नाझींचे बळीही स्थानबद्ध झाले आणि आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत जाऊन पडले. चौकशीअंती पुष्कळांची सुटका झाली, हे खरे. पण आपल्या आतिथ्याचा गौरव करताना हा तपशील विसरू नये. प्रागमधील जुने स्नेही, लेखक विली हास, यांना १९३९ साली मुंबईत आसरा मिळाला, त्यात काउफमान यांचा हात होता. आत आलेल्याने बाहेर उभ्या असलेल्यासाठी दार धरून ठेवले होते.

मुंबईत पोहोचल्यावर काउफमान यांनी भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकल्या. त्यांना त्यात काहीही कळले नाही. ते संगीत त्यांना परके आणि दुर्बोध वाटले. येथपर्यंतची कथा अनेक युरोपीय पाहुण्यांची आहे. हे संगीत कंटाळवाणे आहे, असा निकाल देऊन ती मंडळी क्लबात परतत. काउफमान यांनी निराळा हिशोब मांडला. ज्या संगीतावर कोट्यवधी माणसे पिढ्यान्‌पिढ्या प्रेम करतात, जे बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनीच निर्माण केले आहे, ते आपल्याला कळत नसेल तर दोष त्या संगीताचा नसून आपला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग दोष दूर करण्यासाठी ते थांबले. थोड्या दिवसांसाठी आलेला हा पाहुणा बारा वर्षे राहिला.

या एका निष्कर्षात काउफमान यांच्या आयुष्याचे सार आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यांच्या मायभूमीत त्याच वेळी नेमका उलटा हिशोब चालू होता. जो आपल्यासारखा नाही तो हीन, जे आपल्याला कळत नाही ते विकृत, ही त्या राजवटीची व्याकरणसूत्रे होती. ज्यू रचनाकारांच्या कृतींवर बंदी आली. १९३८ साली ड्युसेलडॉर्फ येथे तथाकथित अधःपतित संगीताचे प्रदर्शन मांडून आधुनिक रचनांची जाहीर टवाळी करण्यात आली. ज्यांना हीन ठरवून हाकलण्यात आले, त्यांच्यातील एक जण वॉर्डन रोडवरील एका घरात बसून परक्या संगीतापुढे आपल्या अज्ञानाची कबुली देत होता.

मुंबईत येऊन काही महिने होतात न होतात तोच काउफमान यांनी चेंबर म्युझिक सोसायटीची स्थापना केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिच्या मैफली होत. तीन वर्षांत त्यांची संख्या शंभरावर गेली. पियानोवर स्वतः काउफमान, सेलोवर इटालियन वादक वेर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता हे पारशी तरुण, असे हे त्रिकूट होते. १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाची धुरा काउफमान यांच्याकडे होती. ‘अनसूया’ हे आकाशवाणीसाठी रचलेले संगीतनाट्य, भारतीय सिंफनी आणि भारतीय स्वरांचा आधार घेणाऱ्या कितीतरी लहानमोठ्या रचना त्यांनी येथेच केल्या.

ती धूनही याच काळातली. तंबोऱ्यावर जे व्हायोलिन आपण ऐकले ते मेहली मेहता यांचे, असे सांगितले जाते. जाणकार तिच्यात शिवरंजनीची छाया पाहतात. भूप रागातील शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार ठेवला की शिवरंजनी होतो. पाचच स्वर, त्यातला एक स्वर अर्ध्या पायरीने खाली उतरला, आणि भूपाचा प्रसन्न उजेड जाऊन तेथे करुणा आली. मध्य युरोपातून परागंदा झालेल्या माणसाने उगवत्या दिवसासाठी सूर निवडताना या करुण स्वरमालेकडे वळावे, हा योगायोग असेल. पण तो मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

१९३६ हे साल येथे थांबून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये सरकारी नभोवाणीला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. त्याच वर्षीच्या एप्रिलात मेहली मेहता यांना पुत्र झाला; त्याचे नाव झुबिन. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, जर्मनी आणि मध्य युरोपातील वाद्यवृंदांनी काढून टाकलेल्या ज्यू वादकांचा एक नवा वाद्यवृंद तेल अवीव येथे तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली प्रथम उभा राहिला. तोच पुढे इस्राएल फिलहार्मोनिक झाला. या वाद्यवृंदाची सूत्रे मुंबईच्या झुबिन मेहतांनी चार दशकांहून अधिक काळ, २०१९ पर्यंत सांभाळली. १९९९ साली जर्मनीतील वायमार येथे, बूखेनवाल्डच्या छळछावणीपासून जवळच, या इस्राएली वादकांनी जर्मन वादकांच्या मांडीला मांडी लावून माहलर यांची दुसरी सिंफनी सादर केली. काठी झुबिन मेहतांच्या हाती होती. ज्या माहलरवरील प्रबंधाची पदवी काउफमान यांनी नाकारली, तोच माहलर त्यांच्या मुंबईतील सोबत्याच्या मुलाने त्या स्मशानाशेजारी उभा केला.

काउफमान यांच्या मागे राहिलेल्यांचे काय झाले? म्युनिकच्या करारानंतर, १९३८ च्या ऑक्टोबरात कार्ल्सबाड जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. पुढच्याच महिन्यात तेथील ज्यूंचे प्रार्थनामंदिर नष्ट करण्यात आले. काउफमान यांची पत्नी गेर्टी ही प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्का स्वतः १९२४ सालीच क्षयाने गेले. पण गेर्टीची आई एली आणि मावश्या व्हाली व ओटला या तिन्ही बहिणी नाझींच्या हत्याकांडात बळी पडल्या. बोहेमियातच, तेरेझिन या तटबंदीच्या गावी नाझींनी ज्यूंसाठी कोंडवाडा उघडला. तेथे व्हिक्टर उलमान, पावेल हास, हान्स क्रासा, गिडेऑन क्लाइन असे एकाहून एक सरस रचनाकार कोंडलेले होते. उपाशी पोटी ते लिहीत राहिले. क्रासा यांचे ‘ब्रुंडीबार’ हे मुलांचे संगीतनाट्य त्या कोंडवाड्यात पन्नासहून अधिक वेळा झाले. गाणारी मुले दर वेळी बदलत, कारण आधीची मुले पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांत भरली गेलेली असत. १९४४ च्या ऑक्टोबरात उलमान, हास आणि क्रासा यांना आउश्वित्झला नेऊन ठार करण्यात आले. क्लाइन १९४५ च्या जानेवारीत गेले. काउफमान प्रागमध्ये राहिले असते तर त्यांचे नाव याच यादीत असते.

युद्धानंतर जगातील संगीतकारांनी या संहाराची स्मारके उभारली. आर्नोल्ड शोनबर्ग यांनी १९४७ साली वॉर्सातून वाचलेल्या एका माणसाची कथा जेमतेम सात मिनिटांच्या रचनेत बांधली; मृत्यूच्या दारात उभे असलेले कैदी शेवटी ‘श्मा इस्राएल’ ही ज्यूंची प्राचीन प्रार्थना एकमुखाने म्हणतात, तेथे ती संपते. शोस्ताकोविच यांनी १९६२ साली आपल्या तेराव्या सिंफनीत बाबी यारच्या दरीची आठवण मांडली. कीव्हजवळच्या त्या दरीत १९४१ च्या सप्टेंबरात दोन दिवसांत ३३ हजारांहून अधिक ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. या रचना आपल्याकडे कोण ऐकतो, असे कोणी म्हणेल. पण शोनबर्ग यांच्या रचनेतील ती प्रार्थना महाराष्ट्राला अपरिचित नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण या टापूत शतकानुशतके राहिलेल्या, मराठी हीच मायबोली असलेल्या बेने इस्राएल समाजाने, म्हणजे कोकणच्या शनिवार तेल्यांनी, बाकीची हिब्रू विसरली तेव्हाही हीच प्रार्थना जपून ठेवली, असे त्यांची परंपरा सांगते. एकाच प्रार्थनेने तिकडे वधस्थान पाहिले. इकडे तेलाच्या घाण्याशेजारी ती निर्धास्त म्हटली गेली.

आकाशवाणीची धून या अर्थाने स्मारक नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ती रचली गेली तेव्हा संहार अजून व्हायचा होता. तिच्या कर्त्याने ती कोणाच्या स्मरणार्थ रचली नाही. सभा सुरू होण्यापूर्वी वाजावी, एवढाच तिचा हेतू. पण स्मारके दोन प्रकारची असतात. काही मुद्दाम उभारली जातात. काही उरलेल्या वस्तूंतून आपोआप होतात; जळालेल्या घरातून वाचलेले एखादे भांडे पुढे त्या घराची खूण ठरते. ही धून दुसऱ्या प्रकारातली आहे. मध्य युरोपातील ज्या संगीतसंस्कृतीची राख झाली, तिच्यातून सुटलेली एक ठिणगी आपल्या घरोघरी रोज पहाटे कित्येक दशके तेवत राहिली आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

काउफमान १९४६ साली भारतातून इंग्लंडला आणि तेथून कॅनडाला गेले. विनिपेग या गावच्या वाद्यवृंदाचे ते पहिले संगीत-संचालक झाले. १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, आणि तेथेच मुंबईच्या बारा वर्षांचे खरे पीक हाती आले. उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९६८ साली, तर दक्षिणेकडील रागांवरचा १९७६ साली प्रसिद्ध झाला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मराठीत ज्या रागव्यवस्थेचा पाया घातला, तिची ओळख पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना करून देणाऱ्यांत काउफमान यांचे नाव घ्यावे लागते. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या रचनांचे ध्वनिमुद्रण टोरांटोच्या एका वादकसंचाने २०२० साली प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे जगाला त्यांची रचनाकार म्हणून पुन्हा आठवण झाली.

त्यांच्या एका लहान कामाचा उल्लेख आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वाशिम ज्या वऱ्हाडात मोडते तो त्या वेळी मध्य प्रांताला जोडलेला होता. त्याच मध्य प्रांतातील गोंड आणि बैगा यांच्या लोकगीतांवर काउफमान यांनी १९४१ साली अमेरिकेतील एका मान्यवर संगीत-त्रैमासिकात लेख लिहिला. पुढे बस्तरच्या माडिया-मुरियांच्या गीतांवरही लिहिले. युरोपात ज्या वर्षी त्यांच्या जातभाईंना दरीच्या काठावर उभे केले जात होते, त्या वर्षी हा माणूस आपल्या देशाने रानटी म्हणून बाजूला सारलेल्या माणसांचे सूर स्वरलिपीत उतरवून जगापुढे ठेवत होता. आपल्यापैकी किती संगीतज्ञांनी तोवर ते ऐकले होते?

आता वाचक विचारील, की कोरडवाहू शेती, कर्जबाजारी शेतकरी, नोकरीसाठी वणवण करणारी मुले, असे आपल्याच दुःखांचे डोंगर समोर असताना युरोपातील ज्यूंचे दुःख वाशिम जिल्ह्याने का वाहावे? प्रश्न रास्त आहे. दुःखांची तुलना करू नये आणि उसने दुःख मिरवूही नये. पण हा विषय आपल्याकडे आधीच येऊन पोहोचला आहे, आणि तो चुकीच्या दाराने आला आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी, व्यक्तिमत्त्व-विकासाच्या पुस्तकांच्या ओळीत, हिटलरच्या आत्मचरित्राचे भाषांतर विकायला ठेवलेले असते आणि आपली मुले ते शिस्तीचा व राष्ट्रभक्तीचा धडा म्हणून विकत घेतात. शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीतल्या चहाच्या वेळी, या देशाला एक हिटलर हवा, हे वाक्य सहज टाकले जाते. बोलणारे दुष्ट नसतात. त्यांना ते नाव ठाऊक असते, त्या नावाने मारलेल्या माणसांपैकी एकाचेही नाव ठाऊक नसते. साठ लक्ष हा आकडा ऐकून मन हलत नाही. आकड्याने ते कधीच हलत नसते.

म्हणून एक नाव ठाऊक असावे. ज्या माणसाने आपल्या पहाटेला सूर दिला, तो त्या पुस्तकाच्या लेखकाच्या मते जगण्यास नालायक होता, एवढी साधी गोष्ट वर्गात सांगायला पाच मिनिटे लागतात. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. इतिहासाच्या शिक्षकाने दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवताना ती धून एकदा वर्गात वाजवावी, आणि ती संपल्यावर काउफमान यांचे नाव फळ्यावर लिहावे. मुलांनी ती कदाचित ऐकलेली नसेल. त्यांनी घरी जाऊन आजोबांना विचारावे. आजोबांना ती निश्चित आठवेल.